तलावाची लांबी

११ जानेवारी

धाकटी,

तुझे पत्र शनिवारी मिळाले. फोनवर मी "हं"च्या पुढे जात नाही म्हणून तू पत्र लिहिलेस, ते बरे केलेस. पत्रात माणूस मध्येच गप्प बसला तरी समोरच्याला कळत नाही.

माझी तब्येत ठीक आहे. सकाळी एकदाच रांधतो आणि रात्री तेच गरम करतो. तुझ्या ताईचे कपाट अजून आवरलेले नाही. तू सुट्टीत येशील तेव्हा बघू.

तू तलावाचे विचारलेस. ऑक्टोबरात ताईच्या वेळी तू आलीस तेव्हा तो बंदच होता. तळाच्या फरश्या उखडल्या होत्या, एका मुलाचा पाय कापला, म्हणून नगरपालिकेने पाणी सोडणे थांबवले. आता दुरुस्तीसाठी सरकारकडून अनुदान मंजूर झाले आहे. अट एवढीच की नगरपालिकेने एप्रिलअखेर ठराव करून पाठवायचा. नाही केला तर अनुदान परत जाईल. मग तलाव बुजवून तिथे गाड्या लावायची जागा करायची, असे विरोधी पक्षाच्या नेत्याचे म्हणणे आहे. त्याची लाकडाची वखार शेजारच्याच रस्त्यावर आहे. गावात त्याला लाकूडवालेच म्हणतात.

गुरुवारी सभा होती. मी लोकांसाठी ठेवलेल्या बाकांवर जाऊन बसलो. विषय निघाला, पण एका नागरिकाचा लेखी प्रश्न आला होता. नवीन फरशी जुन्या फरशीवर बसवणार आहेत. मग दोन्ही टोकांकडून तलाव थोडा आखूड होईल. त्यानंतर त्याची लांबी पंचवीस मीटर राहील का, असा तो प्रश्न होता. नियम असा आहे की नागरिकाच्या लेखी प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय विषय मतदानाला घेता येत नाही.

अध्यक्ष म्हणाले, "पंचवीस मीटर म्हणजे पंचवीस मीटर. त्यात काय मोजायचंय?"

लाकूडवाले म्हणाले, "मोजल्याशिवाय मी घरात फळीसुद्धा आणत नाही."

लोक हसले आणि विषय पुढच्या महिन्यावर गेला. प्रश्न तसा चुकीचा नाही. अनुदान स्पर्धेच्या तलावासाठी आहे, आणि स्पर्धेला पंचवीस मीटरपेक्षा एक बोटभरही कमी चालत नाही. वजनमापे खात्यात नोकरी केलेल्या माणसाला हे पटते.

मंगळवारी मी तलावावर जाऊन येतो. ताई शिकवायची तेव्हाच्या तिथल्या तिच्या खोलीची चावी माझ्याकडेच आहे, कोणी परत मागितली नाही. खिडकी उघडतो, तासभर बसतो आणि बंद करून येतो. तिचा झगा खुंटीला आहे. शिट्टी आणि घड्याळ टेबलावर आहेत. सगळे जिथल्या तिथे आहे.

भावोजी

१९ जानेवारी

भावोजी,

नमस्कार आधी, भांडण नंतर.

मी दिवसभर दुकानात बसून लोकांची मापं घेते. छाती, कंबर, बाही, उंची. गिऱ्हाईक हलत असलं तरी पाच मिनिटांच्या वर वेळ लागत नाही. तुमचा तलाव हलतो का? नाही ना? मग एक महिना कशाला? अख्ख्या नगरपालिकेत एक टेप नाही? म्हणाल तर माझी पाठवते.

आणि हा नागरिक कोण? घरात कोणी विचारत नसेल म्हणून सभेत प्रश्न विचारतो. असल्या रिकामटेकड्या माणसांना वहाण झिजेपर्यंत कामाला लावलं पाहिजे. तुम्ही तिथे बसलेले होतात, तुम्हाला दिसला असेल. लाकूडवाल्याचाच माणूस असणार, मी सांगते.

मला घाई का आहे ते सांगते. आमच्या नातीला मोठ्या सुट्टीत तिकडे आणायचं ठरवलंय. सात वर्षांची झाली. आमच्या घरात पोहायला शिकले ते सगळे ताईकडेच शिकले. मी शिकले, माझी लेक शिकली, जावयालासुद्धा लग्नानंतर ताईने पाण्यात ढकललं. तो अजून त्याबद्दल बोलतो. आता ताई नाही, पण तिने तयार केलेली तिची लाडकी शिष्या, आपली बेडकी, आहे ना? ती नातीला शिकवील. पोरीला मी सांगून ठेवलंय की तुझ्या आजीने जिथे नाका-तोंडात पाणी घेतलं, तिथेच तुलाही घ्यायचंय.

जेवणात भाजी असते का? नुसतं गरम करून खाता त्यात काय असतं ते लिहीत नाही तुम्ही.

मंगळवारी एकटे बसता ते वाचलं. त्याबद्दल काय लिहू ते कळलं नाही, म्हणून लिहीत नाही.

धाकटी

१६ फेब्रुवारी

धाकटी,

भाजी असते. बहुतेक दुधी.

टेप पाठवू नकोस. नगरपालिकेत टेप आहेत. अडचण ती नाही. बांधकाम विभाग म्हणतो, तलाव मोजायचा तर आधी कोरडा हवा. तलावात सध्या गुडघाभर साचलेले पाणी आहे. ते काढायला पंप लागतो, पंप पाणी विभागाचा आहे. पाणी विभाग म्हणतो, पोहणारे पाण्यात पोहतात, तेव्हा तलाव भरलेला असतानाच मोजावा. यावर सभेत दीड तास चर्चा झाली. शेवटी एक समिती नेमली. समितीतले सहा जण शेजारच्या शहरात तिथला तलाव कसा मोजला ते पाहायला गेले. त्या दिवशी तिथला तलाव साफसफाईसाठी बंद होता. त्यांनी बाहेरून फोटो काढले. एका फोटोत सहाही जण जेवायला बसलेले आहेत.

अहवाल आला नाही म्हणून विषय पुन्हा पुढच्या महिन्यावर गेला. मार्चची एक आणि एप्रिलची एक अशा दोनच सभा आता उरल्या आहेत.

आपल्या वॉर्डाच्या नगरसेविका दातांच्या डॉक्टर आहेत. त्या एकट्याच चिडल्या होत्या. म्हणाल्या, "एवढ्या वेळात मी सभेतल्या सगळ्यांचे दात मोजून दिले असते." अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, आमचे काहींचे निघतात." मग पुन्हा हशा. सभा वाईट नसते. मी वेळेवर जातो आणि शेवटपर्यंत बसतो. ताई आजारी पडायच्या आधी रोज संध्याकाळी सहाला मी तलावावर जात असे. ती वर्ग संपवून येईपर्यंत बाकावर पेपर वाचत बसत असे. सभागृहातले बाकही त्याच प्रकारचे आहेत, लोखंडी पट्ट्यांचे. पाठ दुखते, पण सवय आहे.

नागरिक कोण ते मला सांगता येणार नाही. नाव सभेत वाचून दाखवत नाहीत.

भावोजी

२५ फेब्रुवारी

भावोजी,

त्यांना पुढारी का म्हणतात ते मला आत्ता समजलं. सगळं पुढे ढकलतात म्हणून.

मी आता गप्प बसणार नाही. तुमच्या त्या दातवाल्या बाईंना पत्र टाकलंय. त्यात माझा फोन नंबर दिलाय आणि स्पष्ट विचारलंय की हा प्रश्न विचारणारा महाभाग कोण, त्याला माझ्यासमोर उभा करा. माझ्या बहिणीने आयुष्य घालवलं त्या तलावावर. सर्दी, कान फुटणं, डोळे लाल, सगळं तिने काढलं. आणि कोणीतरी घरात बसून चार ओळी लिहितो आणि सगळं अडकवून ठेवतो.

तुम्ही मात्र अगदी थंड आहात. पत्र वाचताना मला वाटलं, दुसऱ्याच कोणाच्या गावातल्या तलावाबद्दल लिहिताय. सभा वाईट नसते म्हणे. तुम्ही उठून एकदा तरी बोलला का? खात्यात असताना दुकानदार तुम्हाला बघून खोटी वजनं फळीखाली लपवायचे. तो माणूस कुठे गेला?

रागावून लिहिलंय, पण तुमच्यावर नाही.

धाकटी

१४ मार्च

धाकटी,

मार्चची सभा काल झाली. समितीने तोंडी सांगितले की मोजणी त्रयस्थ माणसाकडून व्हावी. त्रयस्थ कोण यावर एकमत झाले नाही. अध्यक्षांच्या बाजूचा माणूस लाकूडवाल्यांना चालेना आणि लाकूडवाल्यांचा अध्यक्षांना. विषय एप्रिलवर गेला.

तू नगरसेविकांना पत्र लिहिलेस ते त्यांनी मला सांगितले. लिहायला नको होते. प्रश्न विचारणाऱ्याचे काही कारण असेल. प्रत्येक गोष्ट वाईट हेतूनेच होते असे नाही.

बेडकी रविवारी येऊन गेली. तिला दुसऱ्या शहरात एका शाळेच्या तलावावर नोकरी मिळते आहे. जाऊ की थांबू, असे विचारत होती. तलावाचे नक्की झाले तर थांबेन म्हणाली. मी तिला काही सांगितले नाही. ही जबाबदारी मी कशी घेणार?

तिचे मला एक आवडले नाही. चपला चिखलाने भरलेल्या होत्या. गावाबाहेर दगडाची जुनी खाण आहे, पाण्याने भरलेली, तिथून आली होती. दर रविवारी जाते म्हणाली. पोहण्याची सवय सुटत नाही हे मी समजू शकतो, पण त्या खाणीला तळाचा पत्ता नाही. तुझ्या ताईने तिला असे कधी करू दिले नसते. मी तसे बोललो. ती "बरं काका" म्हणाली आणि चहा पिऊन गेली.

मंगळवारी खोलीची खिडकी घट्ट बसली होती. बिजागरीला तेल दिले.

भावोजी

२२ मार्च

भावोजी,

हे पत्र मी तीनदा फाडलं.

दातवाल्या बाईंचा फोन आला होता. त्यांना वाटलं मला माहीत आहे. म्हणाल्या, "अहो, तो प्रश्न तुमच्या भावोजींचाच आहे. तुम्हीच समजावा त्यांना, आमची हिंमत होत नाही." मी "हो हो" म्हटलं आणि फोन ठेवला. मग दुकान बंद करून आत जाऊन बसले. वहाण झिजवायचं मी कोणाबद्दल लिहिलं होतं ते आठवलं.

तुम्ही मला एकही वाक्य खोटं लिहिलं नाही, तेही मी तपासून बघितलं. सगळी पत्रं काढून वाचली. "नाव वाचून दाखवत नाहीत." खरंच आहे. तुमच्या खात्यात हेच शिकवतात का?

घरात दोन-दोन पट्ट्या आहेत तुमच्या, सरकारी शिक्क्याच्या. मोजायचंच असतं तर पहिल्याच आठवड्यात मोजून मोकळे झाला असता. तुम्हाला मोजायचं नव्हतं. ती खोली तशीच राहावी, एवढंच तुम्हाला हवंय. दुरुस्ती सुरू झाली की खोली रिकामी करायला सांगतील. मग मंगळवारी कुठे जायचं? मला कळतं. मी तिची बहीण आहे. मलाही तो झगा खुंटीवरच हवा आहे. माझं चाललं असतं तर मीही कुलूप घालून बसले असते.

पण तुम्हाला एक गोष्ट माहीत नाही, ती सांगते. बेडकी खाणीत पोहायला जात नाही. मी तिला फोन केला होता. तलाव बंद झाल्यापासून गावातली मुलं खाणीवर जातात. ती दर रविवारी दोर घेऊन काठावर बसते. पोरं ऐकत नाहीत, हाकलली तर दुसऱ्या बाजूने उतरतात, म्हणून बसते. चिखल त्याचा आहे. मी विचारलं, "भावोजींना का नाही सांगितलंस?" तर म्हणाली, "काका आधीच कमी बोलतात. त्यात हे कशाला?" आणि ती गेली दुसऱ्या शहरात, तर रविवारी तिथे कोण बसणार?

यापुढे मी काही लिहिणार नाही. तुम्ही मोठे आहात.

धाकटी

१२ एप्रिल

धाकटी,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला वेळ लागला. जे लिहिलेस ते बरोबर आहे. 

पत्र मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी नगरपालिकेत जाऊन प्रश्न मागे घेतो असे सांगितले. तिथला हेडक्लार्क जुना माणूस आहे. त्याने नियमांचे पुस्तक काढले, चष्मा पुसला, आणि म्हणाला, "प्रश्न मागे घ्यायची तरतूद नाही हो. विचारला म्हणजे विचारला. उत्तर द्यावंच लागेल." नियम मी पाहून घेतला होता, तेवढाच भाग वाचायचा राहिला होता.

मी म्हटले, मग उत्तर मीच देतो. तो म्हणाला, "विचारणारा त्रयस्थ कसा?" मी म्हटले, दोन्ही बाजूंना विचारा. अध्यक्षांना वाटले, मी ताईचा नवरा म्हणून तलावाच्या बाजूचा. लाकूडवाल्यांना वाटले, मी प्रश्न विचारला म्हणून विरोधातला. दोघांनीही सही केली. त्रयस्थ माणूस असा मिळतो हे मला माहीत नव्हते.

पंप नगरसेविकांनी एका बांधकामावरून आणवला. पाणी निघायला दिवस गेला. शुक्रवारी मी, बेडकी आणि हेडक्लार्क असे तिघे तलावात उतरलो. तलाव कोरडा असताना मी कधी आत गेलो नव्हतो. आतून तो फार मोठा दिसतो. आपण बोललेले भिंतीवरून परत येते. पोलादी पट्टी ताणून धरायला दोन माणसे लागतात. एका टोकाला बेडकी, दुसऱ्या टोकाला मी. मधे झोळ पडू नये म्हणून हेडक्लार्कने ती आधाराला धरली. तीन ठिकाणी मोजले. मग पट्टी उलटी करून पुन्हा मोजले.

तलाव पंचवीस मीटर नाही. आजही नाही, आणि बांधला तेव्हाही नव्हता. सहा सेंटिमीटर कमी आहे. नवीन फरशी बसली की आणखी कमी होईल.

प्रश्न विचारताना हे माझ्या डोक्यातही नव्हते. मी फक्त अडवण्यापुरते काहीतरी शोधले होते. हेडक्लार्क म्हणाला, "आता काय करायचं?" मी पट्टी गुंडाळू लागलो. तेवढ्यात बेडकी म्हणाली, "काका, बाईंना माहीत होतं."

मी म्हटले, कसे शक्य आहे?

ती म्हणाली, "स्पर्धेची मुलं पोहायची तेव्हा बाई घड्याळात दिसेल त्याच्यापेक्षा थोडी वाढवून वेळ सांगायच्या. मी एकदा रडले होते. माझा नंबर हुकला असं वाटलं मला. तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, आपला तलाव लांडा आहे, बाहेर पोहायला जाशील तेव्हा फसशील, म्हणून तेवढा वेळ आधीच वाढवून धरते. आणि हे आमच्या घरी कळू देऊ नकोस. कळलं तर उद्याच तलावाला सील लागेल."

हेडक्लार्क मोठ्याने हसला. मग माझ्याकडे बघून थांबला.

मी पायऱ्यांवर जाऊन बसलो. माझ्या आयुष्यात मी किती दुकानांना सील केले ते आता आठवत नाही. माझी बायको रोज संध्याकाळी माझ्यासमोर एक खोटे माप चालवत होती आणि ते खरे करून मुलांना देत होती. मी बाकावर बसून पेपर वाचत होतो. तिला माझी भीती वाटत होती, की माझी गंमत वाटत होती, हे मला कळले नाही. बेडकीला विचारले. ती म्हणाली, "गंमत, काका. डोळे मिचकावून सांगितलं होतं."

सभा सव्वीस तारखेला आहे. खरे माप दिले तर स्पर्धेचा तलाव म्हणून अनुदान मिळणार नाही. लाकूडवाले त्याचीच वाट पाहत आहेत. काय करावे ते मला ठरवता आलेले नाही.

भावोजी

१७ एप्रिल

भावोजी,

लिहिणार नाही म्हटलं होतं, पण तुमचं पत्र वाचून मी इतकी हसले की दुकानातल्या पोरी घाबरल्या. मग रडले, तेव्हा त्या चहा घेऊन आल्या.

ठरवता येत नाही म्हणता, मग मी ठरवते. पंचवीस लिहा आणि सही ठोका. सहा सेंटिमीटर म्हणजे काय हो? माझ्या इथे बायका श्वास रोखून उभ्या राहतात, त्यात याहून जास्त जातं. मी शिवताना सोडते ना सैल? ताईने इतकी वर्षं सांभाळून घेतलं. तुम्ही एक दिवस सांभाळा. हेडक्लार्कला मी गप्प करते, पाहिजे तर सदरा शिवून देते. बेडकी तर आपलीच आहे.

खोटं माप लिहिणं तुम्हाला जड जाईल, मला माहीत आहे. पण खाणीवरच्या पोरांना तुमचा शिक्का दिसत नाही.

नात विचारते, तलाव उघडला का? मी तिला सांगितलं, तुझे आजोबा मोजतायत.

धाकटी

३० एप्रिल

धाकटी,

सभेचे सविस्तर लिहितो.

मला पंचवीस लिहिता आले नाही. दोनदा कागद पुढे घेतला. यात माझा काही मोठेपणा नाही, हात तसा वळत नाही एवढेच. पण नुसते माप देऊन थांबायचे नाही असे ठरवले. नगरसेविकांच्या दवाखान्यात गेलो. त्या एका माणसाच्या तोंडात यंत्र घालून काम करत होत्या. तो माणूस आ करून ऐकत होता, मी बोलत होतो. मी विचारले, या योजनेत शिकण्यासाठीच्या तलावाला पैसे मिळतात का? त्यांनी यंत्र बंद केले आणि म्हणाल्या, "थांबा." खुर्चीतल्या माणसाला तसेच ठेवून मुख्याधिकाऱ्यांना फोन लावला. मिळतात. कमी मिळतात, प्रेक्षकांच्या पायऱ्या होणार नाहीत, पण तलाव होतो, आणि लांबीची अट नाही. चार महिन्यांत हे कोणी विचारले नव्हते. मीही नाही.

सभेत तलावाचा विषय अगदी शेवटी होता. तोपर्यंत निम्मे लोक पेंगत होते. माझे उत्तर वाचून दाखवले तेव्हा एकदम गडबड झाली. लाकूडवाले उभे राहिले. म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं नगरपालिकेनं आमच्या मुलांना फसवलं. चौकशी झाली पाहिजे."

नगरसेविका म्हणाल्या, "तुमचा मुलगा तिथेच शिकला ना? बुडाला का?"

"प्रश्न बुडण्याचा नाही, मापाचा आहे."

"मग स्पर्धा हा शब्द काढा. शिकण्याचा तलाव म्हणा. शिकणाऱ्याला सहा सेंटिमीटर आधीच काठ मिळाला तर तो आनंदानेच धरेल."

अध्यक्ष म्हणाले, चर्चा चांगली झाली, पुढच्या सभेत घेऊ. त्यांची ती सवयच आहे, त्यात वाईट काही मनात नव्हते. तेव्हा हेडक्लार्क पुस्तक घेऊन पुढे गेला आणि म्हणाला, नागरिकाच्या प्रश्नाला उत्तर ज्या सभेत मिळते त्याच सभेत मतदान घ्यावे लागते. अध्यक्षांनी ते वाचले, पान उलटून पाहिले, आणि मतदान पुकारले.

लाकूडवाल्यांची दोन माणसे तेव्हा समोर चहा प्यायला गेली होती. विषय पुढे जाणार हे त्यांनी गृहीत धरले होते. सगळ्यांनीच धरले होते. लाकूडवाल्यांनी शिपायाला पळवले, पण मतदान सुरू झाले की दार बंद करतात. बंद दारावर थापा ऐकू येत होत्या. ठराव एका मताच्या फरकाने मंजूर झाला.

बाहेर पडताना लाकूडवाले माझ्याजवळ आले. म्हणाले, "चार महिने मला वाटत होतं, तुम्ही आमच्या बाजूचे आहात."

मी म्हटले, "मलाही."

ठराव काल सकाळी शिपायाबरोबर रवाना झाला. शंका नको म्हणून बेडकी त्याच्याबरोबर गेली आणि पोच घेऊन आली. तिने बाहेरच्या नोकरीला नाही म्हणून कळवले. तलाव सुट्टीच्या शेवटच्या पंधरवड्यात सुरू होईल असे म्हणतात. नगरपालिका म्हणते त्याला काय अर्थ आहे तुला ठाऊक आहे, पण ठेकेदाराने विटा आणून टाकल्या आहेत. तोपर्यंत रविवारी खाणीवर बेडकीबरोबर मीही जातो. मला पोहता येत नाही, पण मुले माझ्याकडे बघून उतरायचे टाळतात. खात्यातला चेहरा अजून शिल्लक आहे असे दिसते.

काल दुपारी तलावावरची ताईची खोली रिकामी केली. तुला वाटेल मी फार वेळ लावला असेल. तसे झाले नाही. दोन फेऱ्या लागतील असे धरून गेलो होतो, एकाच फेरीत सगळे आले. रिक्षा करायचीही गरज पडली नाही. चावी हेडक्लार्कला दिली.

नातीला घेऊन ये. मधली खोली झाडून ठेवतो. तू आलीस की आधी कपाट आवरू, ते एकट्याने होणार नाही. बाकी रोज संध्याकाळी सहा वाजता काय करायचे हा प्रश्न आहे. पण तो माझा आहे, नगरपालिकेला विचारण्यासारखा नाही.

भावोजी